जखमी जवानाचं घर वर्गणीवर का?

दर वर्षी ७ डिसेंबरला आमच्या शाळेत कागदी झेंड्यांची थप्पी यायची. बाई एकेक झेंडा टाचणीने खिशाला लावायच्या आणि पत्र्याच्या डब्यात रुपया टाकायला सांगायच्या. सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून तो पाळला जातो. सातारा जिल्ह्यातली शाळा, वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरचं कुणी ना कुणी फौजेत, त्यामुळे रुपया विसरून आलेल्याला मुलंच झापायची. त्या रुपयाचं पुढे काय होतं, हे मला कळायला बरीच वर्षं गेली. पुण्यात नोकरीला लागल्यावर गावाकडच्या एका काकांना भेटायला खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये, म्हणजे कमरेखालून अधू झालेल्या जवानांच्या घरात गेलो, तेव्हा कळलं.

काका पलंगावर पालथे होते. तसेच माझ्याशी बोलत राहिले. पिकापाण्याची चौकशी केली, यात्रा कशी झाली विचारलं. मग मदतनीस आला, त्यांना अलगद कुशीवर वळवून गेला. ‘दोन तास ह्या अंगावर, दोन तास त्या,’ काका म्हणाले. माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न बघून त्यांनीच समजावून सांगितलं. आपण झोपेत कूस बदलतो, कारण अंग दुखतं. ज्याला कमरेखाली काही जाणवतच नाही, त्याचं अंग दुखत नाही. मग एकाच जागी दाब येत राहतो, रक्त पोचत नाही आणि कातडी आतून कुजायला लागते. तशी जखम एकदा झाली की महिनोन्‌महिने भरत नाही. लघवीची नळी, तिचा संसर्ग, तो मूत्रपिंडापर्यंत जाण्याचं भय, हे वेगळंच.

त्या भेटीनंतर ‘जखमी सैनिकांसाठी काहीतरी करायला हवं’ हे वाक्य मला पुरेनासं झालं. काहीतरी म्हणजे काय, कुणी, कुणाच्या पैशाने आणि कुणाकुणासाठी? माझं उत्तर सरळ आहे. देशाच्या गणवेशात असताना ज्याचं शरीर मोडलं, त्याला गरज असेल तर मरेपर्यंत राहायला जागा आणि शुश्रूषा मिळणं हा कायद्याने हक्क असला पाहिजे. तो कोणत्या योजनेतून भरती झाला, किती वर्षं नोकरी झाली, छातीवर हुद्दा लागला होता की नव्हता, हे प्रश्न त्या दारात विचारायचेच नाहीत. आणि हा खर्च संरक्षणाच्या अंदाजपत्रकातून व्हायला हवा, डब्यातल्या रुपयांतून नाही.

हा विचार नवा नाही. उलट सैनिकांसाठी घर बांधण्याची कल्पना साडेतीनशे वर्षं जुनी आहे, आणि तिचा इतिहास वाचताना दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. घराचे पैसे बरेचदा शिपायाच्याच खिशातून गेलेले असतात. आणि त्याच लढाईत, त्याच गोळीने जखमी झालेला दुसरा एखादा शिपाई उंबरठ्याबाहेर उभा असतो.

फ्रान्समध्ये लंगडे-लुळे शिपाई पूर्वी मठांमध्ये ठेवले जात. मठांना ते नकोसे असत आणि शिपायांना मठाची शिस्त नकोशी. मग ते पॅरिसच्या पुलांवर भीक मागत. चौदाव्या लुईने १६७० मध्ये त्यांच्यासाठी ‘एँव्हालीद’ उभारण्याचा हुकूम काढला आणि १६७४ मध्ये पहिले रहिवासी आत आले. तिथल्या सोनेरी घुमटाखाली आज लोक नेपोलियनची कबर बघायला रांग लावतात, पण त्याच आवारात अजूनही युद्धात अपंग झालेले सैनिक राहतात. पैसे कुठून आले? लष्करावर खर्च होणाऱ्या रकमेतूनच ठरावीक कपात करून.

लंडनला दुसऱ्या चार्ल्सने तीच कल्पना उचलली. १६८२ मध्ये चेल्सीला पायाभरणी झाली, ख्रिस्तोफर रेनने आराखडा केला आणि १६९२ मध्ये जवळपास पावणेपाचशे शिपाई तिथे राहायला आले. रेन हा मोठ्या घुमटांसाठी प्रसिद्ध असलेला वास्तुकार, पण मला त्याची आठवण राहते ती चेल्सीच्या जिन्यांसाठी. म्हाताऱ्या आणि अधू पायांना चढता यावं म्हणून त्याने पायऱ्या मुद्दाम बुटक्या ठेवल्या. राहण्याच्या खोल्या मात्र जेमतेम सहा फूट लांब आणि सहा फूट रुंद. त्या नऊ फुटांच्या व्हायला विसाव्या शतकाची पन्नाशी उजाडली. आज तिथे तीनशेच्या आसपास निवृत्त सैनिक राहतात, लाल कोट आणि तीनकोनी टोपी घालून समारंभांना जातात. त्या इमारतीवर लॅटिनमध्ये कोरलंय की वयाने आणि युद्धाने मोडलेल्यांच्या आधारासाठी ही वास्तू आहे, आणि श्रेय राजांना दिलंय. प्रत्यक्षात राजाच्या खजिन्यातून आलं ते थोडं. मोठा वाटा सैनिकांच्या पगारातून कापून घेतलेल्या पैशांचा होता. ज्याला ती खोली कधीच मिळणार नव्हती, असा शिपाईही तिच्यासाठी पैसे भरत होता.

अमेरिकेतही असंच घडलं. वॉशिंग्टनचं सैनिकगृह १८५१ मध्ये सुरू झालं ते मेक्सिको सिटीकडून युद्धात वसूल केलेल्या खंडणीच्या एका भागातून आणि शिपायांच्या पगारातून दरमहा कापलेल्या काही सेंटांतून. यादवी युद्ध संपता संपता, मार्च १८६५ मध्ये, लिंकनने स्वयंसेवक सैनिकांसाठी राष्ट्रीय आश्रयगृहाच्या कायद्यावर सही केली. पहिलं घर पुढच्या वर्षी मेन राज्यात उघडलं. तोवर प्रश्न लाखोंच्या घरात गेला होता आणि शिपायांच्या पगारातल्या कपातीवर भागण्यासारखा राहिला नव्हता.

आता आपल्या मातीतली गोष्ट. २३ सप्टेंबर १८०३. जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. इंग्रज बाजूचे दीड हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. त्यांत राजाच्या ७४ आणि ७८ क्रमांकाच्या हायलँडर पलटणींचे गोरे शिपाई होते, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून लढलेले कंपनीचे मद्रासी शिपाईही. हायलँडर वाचला तर त्याला चेल्सीकडे अर्ज करता येत होता, आत जागा नाही मिळाली तर बाहेर राहून चेल्सीचं पेन्शन घेता येत होतं. मद्रासी शिपायासाठी चेल्सी नव्हतंच. कंपनीचं वेगळं, तुटपुंजं पेन्शन, नाहीतर एखाद्या किल्ल्यावर हलकीशी नोकरी. मैदान तेच, तोफा त्याच. पुढे वेलस्ली ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८५२ मध्ये वारला, तेव्हा त्याचं शव लोकांच्या दर्शनासाठी ठेवलं गेलं ते चेल्सीच्याच दालनात. गर्दीत चेंगरून माणसं मेली. असईत जायबंदी झालेल्या मद्रासी शिपायाला त्या दालनात पाऊल ठेवता आलं नसतं.

समोरच्या बाजूला काय होतं? आपल्याकडे आश्रयगृहाची कल्पना रुजली नाही हे खरं, पण जबाबदारीची जाण होती. लढाईत पडलेल्याच्या मुलांना सरकारातून जे दिलं जाई, त्याला ‘बालपरवेशी’ असा शब्द पेशवेकालीन कागदपत्रांत येतो. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी उभारणाऱ्या डी बॉईनच्या फौजेत तर जखमेच्या मानाने रक्कम मिळे, बरं होईपर्यंत पगार चालू राहत असे आणि कायमच्या अपंगाला हयातभर अर्धा पगार आणि वर जमीन, अशी नोंद आहे. अठराव्या शतकातली ही रीत. हयातभर हा शब्द मी मुद्दाम लिहितोय, त्याच्याकडे पुन्हा यायचंय.

खडकीच्या घराची मुळं पहिल्या महायुद्धात आहेत. १९१५-१६ मध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूतच्या वेढ्यात अडकलेल्या सैन्याचं नावच सहावी पूना डिव्हिजन. त्यात मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने हे सैन्य शरण आलं, आणि कैदेत, वाळवंटातून चालताना त्यातले पुष्कळजण मेले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या महायुद्धात गेले, म्हणून गावाच्या नावापुढे कायमचं ‘मिलिटरी’ लागलं. मेसोपोटेमियाच्या आघाडीवरचे जखमी बोटींनी मुंबईला येत. हात-पाय गमावलेल्या या जवानांना काही कसब शिकवावं म्हणून मुंबईचे गव्हर्नर विलिंग्डन यांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनी १९१७ मध्ये क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू केलं. काही वर्षांतच ते खडकीला आलं आणि आजही चालू आहे. गव्हर्नरच्या पत्नीने पुढाकार घ्यावा, लोकांनी मदत करावी, हा त्या काळाचा रिवाज होता. साम्राज्याने आपल्या हिंदी शिपायांचं देणं धर्मादायावर टाकलं, यात नवल नाही. नवल याचं वाटतं की ती सवय साम्राज्याबरोबर गेली नाही.

पाठीचा कणा मोडलेला माणूस तोवर फारसा जगतच नसे. जखमा आणि मूत्रसंसर्ग यांनी काही महिन्यांत संपे. हे बदललं ते इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयात, १९४४ मध्ये. जर्मनीतून परागंदा झालेले डॉक्टर लुडविग गुटमान यांनी दर दोन तासांनी रुग्णाला वळवण्याचा नियम घातला आणि तो रात्रंदिवस पाळून घेतला. मग या माणसांना नुसतं जगवून भागणार नाही, म्हणून खेळ आणले. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, चाकाच्या खुर्चीत बसलेल्या सोळा जणांनी तिथे धनुर्विद्येची स्पर्धा केली. पॅरालिंपिक तिथून सुरू झालं.

आपल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण घेऊन आले. पद्मश्री त्यांना मिळाली २०१८ मध्ये. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांनी असे बरेच तरुण मागे ठेवले होते, आणि त्यांच्यासाठी १९७४ मध्ये खडकीला पॅराप्लेजिक होम, म्हणजे काकांचं हे सेंटर, उभं राहिलं. शेजारी लष्करी रुग्णालय, तिथे मज्जारज्जूच्या दुखापतींचा विभाग. पुढे मोहालीला दुसरं केंद्र झालं. खडकीला आज कुणी तोंडात कुंचला धरून चित्रं काढतो, कुणी चाकाच्या खुर्चीवर बास्केटबॉल खेळतो. माझे काका टेबल टेनिस खेळायचे आणि हरले की दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत.

या घराला ध्वजदिनाचा निधी सांभाळणाऱ्या केंद्रीय सैनिक बोर्डाचं अनुदान मिळतं, आणि बाकीचा भार देणगीदारांवर असतो. कुणी वाढदिवसाला जेवण देतं, कुणी चाकाच्या खुर्च्या देतं, एखादी कंपनी वीज वाचवणारी यंत्रणा बसवून देते. या लोकांविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण देणगीचा स्वभावच लहरी असतो. युद्ध ताजं असताना ओघ येतो. कारगिलच्या वेळी देशभर आला होता. चाळीस वर्षांनी तोच जवान साठीचा होतो, तेव्हा त्याची कहाणी कुणाला ठाऊक नसते. त्याला मात्र दर दोन तासांनी वळवावंच लागतं. आणखी एक गोष्ट, जी काकांच्या तोंडून एकदाच निघाली. पाहुणे आले की हसावं लागतं. ज्याने पैसे दिले, त्याच्यासोबत फोटोला बसावं लागतं. ‘ड्यूटी समजून बसतो,’ म्हणाले. ज्या माणसाचं देणं देशाने द्यायचं, त्याच्यावर आभाराची ड्यूटी लागू नये, एवढं तरी आपण मान्य करायला हवं.

आणि उंबरठ्याचं काय? चेल्सीने बायकांना रहिवासी म्हणून घेतलं २००९ मध्ये, म्हणजे दार उघडल्यावर ३१७ वर्षांनी. पुरुषवेषात फौजेत शिरलेली हॅना स्नेल नावाची स्त्री पाँडिचेरीच्या वेढ्यात जखमी झाल्याचं सांगितलं जातं. १७५० मध्ये तिला चेल्सीचं बाहेरचं पेन्शन मिळालं आणि मेल्यावर तिथल्या दफनभूमीत जागा मिळाली. खोली मिळाली नाही. हे वाचून आपण हळहळतो. पण आपल्या उंबरठ्याबाहेर आज कोण उभं आहे?

खडकीपासून तासाभरावर खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिथे किंवा डेहराडूनला अधिकारी होण्यासाठी शिकणारा अठरा-वीस वर्षांचा मुलगा सरावात डोक्यावर पडला, कणा मोडला, तर तो माजी सैनिक ठरत नाही, कारण कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, मिळालेलं नसतं. त्याला पेन्शन नसतं, अपंगत्वाच्या प्रमाणात महिन्याला सानुग्रह रक्कम मिळते, पूर्ण अपंगत्वाला चाळीस हजारांच्या घरात. १९८५ पासून अशी मुलं पाचशेच्या आसपास. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, त्यानंतर माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत त्यांना घेण्यात आलं. चाळीस वर्षं गेली या एका दरवाजासाठी.

२०२२ पासून अग्निवीर आले. चार वर्षांची नोकरी, पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. कामगिरीवर अपंगत्व आलं तर एकरकमी सानुग्रह साहाय्य: पूर्ण अपंगत्वाला ४४ लाख, पाऊणला २५ लाख, निम्म्याला १५ लाख, शिवाय उरलेल्या मुदतीचा पगार. ४४ लाख हा आकडा गावात मोठा वाटतो. हिशोब करून बघा. सात टक्क्यांनी बँकेत ठेवले तर महिन्याला साडेपंचवीस हजार. मुलगा एकवीस वर्षांचा आहे, अजून पन्नास वर्षं जगायचंय. पहिल्या वर्षी या व्याजात एक मदतनीस आणि औषधं कशीबशी भागतील. पंधराव्या वर्षी महागाईने त्यातलं किती उरलं असेल? त्यात बहिणीचं लग्न, विहिरीचं कर्ज, भावाचा धंदा. घरात एवढी रक्कम पडून आहे म्हटल्यावर ती पडून राहत नाही, हे गावात राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. शिंद्यांच्या फौजेत अपंगाला हयातभर अर्धा पगार होता. आपण एकविसाव्या शतकात ‘हयातभर’ हा शब्दच काढून टाकला आहे.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. संस्थेत कुणाला राहायचंय? माणसाला घरी, आपल्या माणसांत राहायचं असतं. इतिहासही हेच सांगतो. ग्रीनिचला खलाशांसाठी चेल्सीसारखंच भव्य आश्रयगृह होतं. १८६५ मध्ये तिथल्या रहिवाशांना विचारलं, इथे राहता की पैसे घेऊन घरी जाता? बहुतेकांनी पैसे घेतले, आणि १८६९ मध्ये ते घर रिकामं होऊन बंद पडलं. म्हणून सक्तीने कुणाला संस्थेत ठेवा, असं मी म्हणतच नाही. ज्याला घरी राहायचंय आणि ज्याच्या घरी सांभाळणारं आहे, त्याला पेन्शन द्या, घरी मदतनीस द्या. पण ग्रीनिचचे खलाशी स्वतःच्या पायांनी किंवा लाकडी पायाने चालत बाहेर पडले. काकांना कूससुद्धा स्वतः बदलता येत नव्हती. बारा वर्षं त्यांच्या आईने त्यांना घरी वळवलं. गजर लावून रात्री उठायची. आई गेली आणि मग खडकी. ‘आपल्याकडे घरचेच करतात’ असं म्हणताना घरचे म्हणजे बहुतेक वेळा एक बाई असते, आणि तिचंही वय होत असतं.

दुसरा आक्षेप पैशाचा. असे जवान देशभरात लाखोंनी नाहीत. चौदा-पंधरा लाखांच्या फौजेत दर वर्षी कणा मोडणारे त्यामानाने मूठभर. त्यांच्या निवासाचा खर्च संरक्षणाच्या अंदाजपत्रकात शोधूनही सापडणार नाही इतका लहान. सरकारने अपंगत्वाच्या पेन्शनविरुद्ध वर्षानुवर्षं न्यायालयात जे खटले लढवले, त्यांवरच किती खर्च झाला असेल! २०१३ मध्ये धर्मवीर सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की भरतीच्या वेळी धडधाकट असलेल्या माणसाला नोकरीत अपंगत्व आलं, तर ते नोकरीमुळेच आलं असं धरून चालायचं, तसं नाही हे सरकारने दाखवायचं. तरी त्यानंतरही जवान त्याच मुद्द्यावर न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिले. त्या पायऱ्या रेनने बांधलेल्या नाहीत.

म्हणून मागणी नेमकी करू या. कामगिरीवर किंवा प्रशिक्षणात आलेलं अपंगत्व एवढी एकच अट असलेला, निवासाचा आणि शुश्रूषेचा कायदेशीर हक्क. प्रशिक्षणार्थी, अग्निवीर, जवान, अधिकारी, पुरुष, स्त्री, सगळ्यांना तोच. खडकी आणि मोहालीचा मूळ खर्च, म्हणजे मदतनीस, औषधं, खुर्च्या, गाद्या, वीज, सरकारने उचलावा. सांगली-कोल्हापूरच्या मुलाला खडकी जवळ आहे, गडचिरोलीच्या मुलाला नाही. त्यामुळे नागपूरलाही असं एक घर हवं. घर चालवणाऱ्या समितीत तिथे राहणारी माणसं असावीत, कारण गादी कुठली घ्यायची हे त्यावर झोपणाऱ्यालाच ठाऊक असतं.

ध्वजदिनाचा डबाही राहू द्या. माझी मुलगी आता तोच डबा घेऊन सोसायटीत फिरते, आणि मी तिला अडवणार नाही. त्या पैशांतून कॅनव्हास घ्यावेत, रंग घ्यावेत, टेबल टेनिसची नवी रॅकेट घ्यावी. काकांची जुनी होती, रबर सुटलेलं, कडेला चिकटपट्टी. रात्री दोनच्या पाळीला कूस बदलणाऱ्या मदतनिसाचा पगार मात्र तिच्या डब्यात किती जमलं यावर ठरू नये.